ताईच्या खोलीतला कर्णा

दुसऱ्यांचे फोटो चौकटीत बसवण्यात फ्रेमवाल्यांचं आयुष्य गेलं. दुकान त्यांचं नव्हतं. मालक पुढे गल्ल्यावर बसत आणि फ्रेमवाले मागच्या अरुंद खोलीत, काचा आणि लाकडी पट्ट्यांच्या मध्ये. लग्नातली जोडपी, नुकती जन्मलेली बाळं, पदवीचा झगा घातलेल्या मुली, गेलेली माणसं, सगळी त्यांच्या हाताखालून गेली. पट्टीचा तिरका कोपरा कापावा तर त्यांनीच, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. बोलणं मात्र बेताचं. लहानपणी तापात डावा कान गेला तो गेलाच. त्यावर त्यांचा एक ठरलेला विनोद होता. "या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं, ही सोय मला नाही. आत गेलेलं आतच राहतं." हा विनोद ते वर्षानुवर्षं करत आले आणि नवं माणूस भेटलं की अजून करत.

लग्न केलं नाही. भाऊजी लवकर गेले तेव्हा मोठी बहीण लहान मुलाला घेऊन त्यांच्याकडे राहायला आली, आणि तिघांचं घर झालं. भाचा इथेच वाढला, शिकला, नोकरीला लागून दूरच्या शहरात गेला. मग दोघंच राहिली. ताई नेहमी त्यांच्या उजव्या हाताला असे. जेवताना, रस्त्यानं चालताना, दवाखान्यातल्या बाकावर. रस्ता ओलांडताना बाजू बदलली तर ती पलीकडे गेल्याबरोबर मागून वळसा घालून परत उजवीकडे येई. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं.

भाच्याला मुलगी झाली तेव्हा ताई महिनाभरासाठी म्हणून तिकडे गेली. नातीला दात आले, ती धरून उभी राहायला लागली, चालायला लागली, आणि ताईचा महिना काही संपला नाही. फोनवर ती म्हणे, "येते रे. हिला जरा मोठी होऊ दे." फ्रेमवाले म्हणत, "ये सावकाश. घाई काय आहे."

तिची खोली त्यांनी होती तशी ठेवली. रविवारी ते तिथला केर काढत, कपाट पुसत, आणि कुणी झोपलेलं नसलं तरी पलंगावरची चादर बदलत. पलंग खोलीच्या आतल्या कोपऱ्यात होता, दोन भिंतींना डोकं आणि कूस लावून. चादरीच्या चारही कडा ते ताई खोचायची तशा खोचत. बाकी घरात त्यांना फारसं काम उरलं नव्हतं. एका माणसाची भांडी विसळायला वेळ लागत नाही.

एके दिवशी दुकानात एक निवृत्त इंजिनियर आले. त्यांनी टेबलावर जे ठेवलं ते फोटो नव्हता. पत्र्याची चपटी पेटी, तिच्यावर विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणि काचेचे तीन वाल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे.

"ॲम्प्लिफायर आहे. मी बनवलाय," इंजिनियर म्हणाले. "याला लाकडी चौकट हवी. वरून उघडी. वाल्व्ह दिसले पाहिजेत."

"ताकद किती याची?" फ्रेमवाल्यांनी विचारलं.

"दोन वॅट. फ्रिजमधल्या दिव्याला याहून जास्त लागते." इंजिनियर हसले. "पण आवाज ऐकाल तर खुर्चीवरून उठणार नाही."

फ्रेमवाल्यांनी अक्रोडाच्या पट्ट्या निवडल्या, कोपरे जुळवले, तेल चोळलं. चौकट तयार होऊन पडून राहिली, न्यायला कुणी येईना. शेवटी इंजिनियरांचा मुलगा आला. वडील झोपेत गेले होते. मुलानं ॲम्प्लिफायर हातात घेऊन पाहिला, परत टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तुम्हीच ठेवा. आमच्याकडे हे कुणी लावणार नाही. चौकट छान झालीय."

असा तो ॲम्प्लिफायर घरी आला. भाऊजींचा जुना रेकॉर्ड प्लेअर ताईच्या कपाटावर होता, त्यांच्या मोजक्या तबकड्यांसकट. टीव्हीशेजारचे दोन छोटे स्पीकर होते. फ्रेमवाल्यांनी त्यातला एक जोडला, वाल्व्ह तापून नारिंगी होईपर्यंत वाट पाहिली आणि सुई टेकवली. आवाज आला, पण शेजारच्या बंद घरात रेडिओ लागावा तसा. बटण शेवटापर्यंत फिरवलं तरी तेवढाच. त्यांना वाटलं, आता उजवा कानही गेला. त्या संध्याकाळी ते पुन्हा पुन्हा नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकत राहिले. पाणी नीट ऐकू येत होतं.

मग त्यांनी शोध सुरू केला. फोनवर वाचता वाचता कळलं की दोष कानाचा नाही आणि ॲम्प्लिफायरचाही नाही. हल्लीचे स्पीकर जड असतात, त्यांना ढकलायला ताकद लागते. दोन वॅटवाल्याला असा स्पीकर लागतो की नुसती फुंकर घातली तरी हलेल. आणि त्या स्पीकरला लागतो कर्णा. दूरच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांची ओंजळ धरतो, तीच युक्ती, फक्त लाकडात. असे कर्णे तयार विकत मिळणं कठीण. लोक त्यांचे संच मागवतात, मशीनवर कापलेल्या प्लायवुडच्या फळ्या आणि स्पीकर, आणि घरी जोडतात. फळ्या जोडणं म्हटल्यावर फ्रेमवाल्यांच्या जिवात जीव आला.

असे संच करणारा एक माणूस बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहत होता. फर्निचरच्या कारखान्यात नोकरी आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग. त्यांना आपण कर्णेवाले म्हणू. फ्रेमवाल्यांनी फोन केला तेव्हा पलीकडून प्रश्नच आले. खोली केवढी? छत किती उंच? ऐकता काय? आणि शेवटी, "असं फोनवर ठरत नसतं. ॲम्प्लिफायर घेऊन या."

फ्रेमवाले सुट्टी काढून गेले. वाल्व्ह काढून एकेक मोज्यात घातले, मोजे टॉवेलमध्ये गुंडाळले, आणि ॲम्प्लिफायर सबंध वाट मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "घड्याळ आहे का?" पण तो डावीकडे बसला होता, त्यामुळे प्रश्न वाऱ्यावर गेला.

शेडमध्ये भुशाचा आणि सरसाचा वास होता. कर्णेवाले बुटके, भुवयांवर भुसा बसलेला, आणि तेही बोलण्यात कंजूष. त्यांनी ॲम्प्लिफायर उलटा करून आतलं काम पाहिलं.

"कुणी केलंय?"

"एक इंजिनियर होते."

"होते," कर्णेवाल्यांनी शब्द उचलला आणि मान हलवली. "हात चांगला होता."

त्यांनी तीन कर्णे मांडून ठेवले होते. पहिला कमरेएवढा, अरुंद. त्याचा कर्णा पेटीच्या आत घडी घालून बसवलेला आणि तोंड खाली, जमिनीलगत. त्यावर एका बाईचं गाणं लावलं. बाई समोर उभी असल्यासारखी स्वच्छ गायली, पण तिच्यामागचं वादन पातळ होतं. दुसरा तसाच, जरा रुंद, जरा भरदार. तिसरा कर्णेवाल्यांनी शेवटी लावला. तो छातीएवढा उंच होता, मागून टोकदार, कोपऱ्यात घुसवून ठेवण्यासाठी केलेला. व्हायोलिन आणि पियानोची तबकडी होती. पियानोचे खालचे सूर निघाले ते फ्रेमवाल्यांना बुटांच्या तळव्यांतून कळले. त्यांनी उजवा कान पुढे केला, मग मान सरळ केली, मग परत कान पुढे केला.

"मान का फिरवताय?" कर्णेवाल्यांनी विचारलं.

"डावा बंद आहे."

"मग जोडी कशाला घेता? एकच पुरे."

"एक देता?"

"आजवर कुणी मागितला नाही. पण ॲम्प्लिफायरही एका बाजूचाच आहे तुमचा. दुसरा कर्णा ऐकणार कोण?" हे त्यांनी अगदी सरळ, हिशेबी सुरात विचारलं.

कर्णेवाल्यांची बायको चहा घेऊन आली आणि तिसऱ्या कर्ण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा कुणी नेत नाही. सगळे बघतात, ऐकतात, आणि लहान घेऊन जातात. आमच्या घरात तर याला जागाच नाही."

"याला भिंती लागतात," कर्णेवाले म्हणाले. "कोपऱ्यातल्या दोन भिंती याचं तोंड होतात. पेटी लहान दिसते कारण उरलेला कर्णा म्हणजे तुमची खोलीच असते. या पत्र्याच्या शेडमध्ये तो अर्धाच वाजतोय. तुमच्या घरात कोपरा आहे का?"

"चार भिंती आहेत, तर कोपरे असणारच."

"मोकळा?"

फ्रेमवाल्यांनी मनातल्या मनात घर फिरून पाहिलं. पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात दार, एकात खिडकी, एकात स्वयंपाकघराकडे जायची वाट, आणि चौथ्याला जाळीची पडदी. दोन्ही बाजूंनी धड, भक्कम भिंती असलेला कोपरा घरात एकच होता.

"मोकळा नाही," ते म्हणाले.

"मोकळा करता येईल का?"

"विचारून सांगतो."

त्या आठवड्यात त्यांनी ताईला फोन केला. नातीच्या खोकल्याचं झालं, भाच्याच्या नव्या साहेबाचं झालं. मग ते म्हणाले, "तुझ्या खोलीतला पलंग जरा जुना झालाय, नाही?"

"का? मोडला का?"

"नाही, मोडला नाही. उगीच आपलं."

"असू दे मग," ताई म्हणाली. "मी आल्यावर बघू."

त्यांनी पहिला संच मागवला, सगळ्यात लहान. फळ्या आल्या तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी त्या जोडल्या. मालक मधूनमधून येऊन उजव्या बाजूनं पाहून जात. काम सुबक झालं. पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी कर्णा उभा राहिला, आणि आवाज आता घरभर पोचू लागला, यात शंका नाही. बातम्या वाचणारा माणूस समोर येऊन बसे. गाणारी बाई येई. पण फ्रेमवाल्यांच्या बुटांना तो खालचा सूर आठवत होता. भाऊजींच्या तबकड्यांतली व्हायोलिन-पियानोची लावली की पियानो वाजवणारा माणूस खोलीत येता येता दाराशीच थांबल्यासारखा वाटे. ते थोडा वेळ ऐकत आणि बंद करत. कर्णेवाल्यांनी फोन करून विचारलं, "आवाज बसला का?" फ्रेमवाले म्हणाले, "चांगला आहे." मग कर्णेवाले म्हणाले, "चांगला आहे म्हणजे नाही बसला."

उन्हाळा सरताना ताई आली. भाच्यानं गाडीत बसवून दिलं होतं. चार दिवस राहणार होती. फ्रेमवाल्यांनी सगळं घर घासूनपुसून ठेवलं, तिच्या पलंगावर नवी चादर घातली. ती आत आली, खोलीच्या दारात उभी राहिली, आणि पिशवी हातातच धरून बराच वेळ उभीच राहिली. तिचा जुना चष्मा खिडकीशी होता. वाचायचं राहिलेलं पुस्तक होतं तसं उपडं होतं, आणि त्यावर धुळीचा कण नव्हता.

"हे तू रोज करतोस?" तिनं विचारलं.

"रोज नाही. रविवारी."

जेवायला बसली ती सवयीनं उजवीकडे. दुसऱ्या दिवशी तिनं कर्णा पाहिला, ऐकला, बरा आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगावर बसून कपाटातले कपडे काढून घड्या घालत होती. फ्रेमवाले दारात आले.

"बस," ताई म्हणाली. ते खुर्चीवर बसले. "मी परत यायची नाही रे."

"कुठं?"

"इथं. राहायला." तिनं घडी मांडीवर ठेवली. "तुला फोनवर सांगवत नव्हतं. प्रत्येक वेळी म्हणायची, येते, येते. मला तिथं बरं वाटतं. ती पोर माझ्याशिवाय झोपत नाही. सूनही चांगली आहे. तुला राग आला का?"

"राग कसला?"

"तू तिकडे चल ना. त्यांनी मागेच विचारलंय."

"आणि तिथं मी करू काय? त्यांच्या फोटोंच्या चौकटी? फोन उघडला की त्यांचे फोटो दिसतात, त्यांना चौकट कशाला लागते." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "माझं इथं ठीक चाललंय."

"ठीक चाललेलं दिसतंय मला," ताई म्हणाली आणि उपड्या पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मागे पलंगाचं काय विचारत होतास?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. कोपऱ्यातला कर्णा, भिंतींचं तोंड, बुटांतून कळणारा पियानो. इतकं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. ताई ऐकत होती आणि मध्येच तिनं डोळे पुसले.

"एवढ्यासाठी अडून बसलास? मेल्या, आधी बोलायचंस."

"तू म्हणालीस, आल्यावर बघू."

"मग आले ना आता." ती उठली. "धर त्या बाजूनं."

दोघांनी मिळून पलंग ओढला. पायांच्या जागी फरशीवर चार गोल डाग होते, आणि भिंतीवर ताईच्या डोक्याच्या तेलाचा एक पुसट ठसा. तिनं ओल्या फडक्यानं तो पुसायला घेतला. "राहू दे," फ्रेमवाले म्हणाले. "रंगच द्यायचाय." पण तिनं पुसूनच टाकला. पलंग खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नेला, त्यांच्याकडे पाहुणे असत. चौथ्या दिवशी ताई गेली. स्टँडवर गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून काही म्हटलं, पण ती डाव्या बाजूला पडली होती. त्यांनी हात हलवला.

घरी आल्यावर त्यांनी त्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहिली. आवाज कोपऱ्यात जाऊन परत आला. मग त्यांनी कर्णेवाल्यांना फोन लावला आणि म्हणाले, "मोकळा झाला."

मोठ्या कर्ण्याच्या फळ्या दुकानात मावेनात, म्हणून ते काम घरीच झालं, त्याच खोलीत. या कर्ण्याच्या पोटात तिरक्या फळ्यांचा एक जिना असतो. आवाज त्यावरून वळत वळत, रुंद होत बाहेर येतो. एकदा बाजू बंद केली की आतलं काम कुणालाच दिसत नाही. तरी फ्रेमवाल्यांनी आतला प्रत्येक सांधा घासला, प्रत्येक फटीमागे दिवा धरून उजेड झिरपतो का ते पाहिलं. दुकानातून आलं की कपडे बदलायचे आणि बसायचं. सरस वाळेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून ते फळीवर हात ठेवून तिथेच बसून राहत. पावसाळी हवेत सरस वाळायला वेळ घेई, आणि त्यांचीही तक्रार नव्हती. काम संपत आलं तसा त्यांचा वेग कमी झाला. शेवटची बाजू बसवायची त्यांनी उगीचच पुढे ढकलली.

बसवली तेव्हा रविवारची दुपार होती. कर्णा कोपऱ्यात सरकवला, तो दोन्ही भिंतींना घट्ट बसला. तबकडी लावली. पियानोचा माणूस या वेळी दारात थांबला नाही. तो आत आला, बसला, आणि खोलीची फरशी, खिडकीची काच, फ्रेमवाल्यांची खुर्ची, सगळ्यांना त्यानं कामाला लावलं. व्हायोलिन सुरू होण्याआधी वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वास ऐकू आला. त्यांनी तबकडी संपेपर्यंत ऐकली. संपल्यावर सुई आतल्या कडेला खरखरत राहिली तरी ते उठले नाहीत. ऐकलेलं सांगावं असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी ताईला फोन लावला आणि फोन कर्ण्यासमोर धरला. पलीकडे नात रडत होती, भांडी वाजत होती. "छान वाजतोय रे," ताई मोठ्यानं म्हणाली. तिला काही ऐकू गेलं नसणार, हे त्यांना कळलं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून पियानोचा खालचा सूर जातच नाही. ते म्हणाले, "हो ना?" आणि थोडा वेळ दोघं नातीबद्दल बोलली.

पुढे एका रविवारी कर्णेवाले स्वतःच आले. न कळवता, सकाळच्या बसनं. "आपणच केलेला कर्णा धड कोपऱ्यात कसा वाजतो, ते मी कधी ऐकलं नाही," दारात उभं राहून ते म्हणाले. "नेणारा कुणी भेटलाच नाही."

फ्रेमवाल्यांनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतःसाठी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. कर्णेवाल्यांनी आधी सांध्यांवरून बोट फिरवलं, मग वाकून कर्ण्याच्या तोंडात पाहिलं, मग बसले. पहिली तबकडी संपली. दुसरी उलटली. त्यांच्या भुवयांवरचा भुसा आज धुतलेला होता आणि त्यामुळे ते जरा म्हातारे दिसत होते.

"माझ्याकडे असा वाजत नाही," शेवटी ते म्हणाले.

"शेड पत्र्याची आहे."

"हं. आणि माणसं सारखी येत-जात असतात." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाट, खिडकी, फरशीवरचे चार गोल डाग. "इथं कोण राहायचं?"

"बहीण. आता भाच्याकडे असते."

कर्णेवाल्यांनी मान डोलावली. दोघांनी सगळ्या तबकड्या ऐकल्या, त्या फार नव्हत्याच, आणि मग पहिली पुन्हा लावली. मध्ये दोनदा चहा झाला. निघताना कर्णेवाले म्हणाले की खालच्या कडेला लोकरीची एक पट्टी लावा, थोडा घुमारा आहे तो जाईल. फ्रेमवाले त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. गाडी आली, कर्णेवाले चढले, खिडकीशी जागा मिळाली.

परत येताना फ्रेमवाल्यांनी शिवणकामाच्या दुकानातून लोकरीच्या कापडाची पट्टी घेतली. घरी येऊन मोजून कापली, चिकटवली, आणि स्टूल परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. मग घरातला रेडिओ ॲम्प्लिफायरला जोडून पाहिला. घुमारा खरंच गेला होता. कुणी एक बाई उद्याच्या हवामानाचं वाचत होती, आणि आवाज इतका स्वच्छ होता की तिनं पान उलटलेलं कळलं. ते हवामान संपेपर्यंत बसले, मग पुढच्या कार्यक्रमालाही बसून राहिले.